टाचा घासायचा दगड, अन आमचा न झालेला मॅमथ

आधीच सांगून टाकतो, आम्हाला नदीकाठी सापडली ती जुन्या हत्तीची दाढ, पण तो मॅमथ (बर्फाळ देशांतला केसाळ हत्ती, आता जगात उरलेला नाही) नव्हता. सासुरवाडीच्या गावात अजूनही त्या जागेला मॅमथवालं वावर म्हणतात, पानठेल्यावर कोणी ना कोणी विचारतोच की काय मग जवाईबुवा, कितीत गेला तो मॅमथ, पण मॅमथ नव्हता अन तिथं असायचं काही कारणही नव्हतं. हे नीट कळायला मला अकरा महिने लागले म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढावं, दरवेळी पहिल्यापासून सांगायचा कंटाळा येतो आता.

मी नागपुरात धंतोलीत एका डेंटल लॅबमध्ये कामाला आहे, वीसेक वर्षं झाली. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात, आम्ही त्यात स्टोन (कडक प्लास्टर) ओतून साचा काढतो अन त्यावर कॅप, ब्रिज, कवळी जे असेल ते बनवतो. पेशंटचं तोंड कधी दिसत नाही पण दात दिवसभर दिसतात. लग्नात पंगतीत बसलो तरी माझी नजर समोरच्याच्या दातावरच जाते अन मग बायको कोपर मारते. ही खोड आहे म्हणून पुढचं सगळं झालं, नाहीतर तो दगड आजही मोरीतच पडला असता.

सासुरवाडी कन्हान नदीच्या काठावर. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, रेतीवाले अन हौशी असे दोन्ही खोदायला जातात अन दोघंही सारखेच त्रासदायक. भाऊबीजेला गेलो होतो. सकाळी आंघोळीला मोरीत गेलो तर कोपऱ्यात एक दगड, अर्ध्या लादीपावाएवढा, तपकिरी-काळसर, वरून खरखरीत. मामीजींचा, म्हणजे सासूबाईंचा, टाचा घासायचा दगड तो, हे मला आधीपासून माहीत होतं, दोनतीन वर्षांपासून तिथंच होता म्हणे. पण त्या दिवशी उन्हाची तिरीप बरोबर त्याच्यावर पडली होती अन दगड ओला होता. ओल्यात सगळं दिसतं. वरच्या बाजूनं आडवे लांबट वेढे, एकामागे एक, बंद, म्हणजे कोणी चकली दाबून चपटी केली अन ओळीनं मांडली तसे. वेढ्याची कड चकचकीत अन वर आलेली, आतला भाग जरा खोल अन मंद, अन दोन वेढ्यांच्या मधे आणखी तिसरंच काहीतरी भरलेलं. मी डोक्यावर पाण्याचा मग धरून तसाच उभा. हे इनॅमल आहे, दाताचं वरचं कडक कवच. आतलं डेंटीन, दाताचा गाभा. अन मधलं सिमेंट, बांधकामाचं नव्हे, दाताचाच हाडासारखा थर. माणसाच्या दातात सिमेंट फक्त मुळाला असतं, इथं तर वरपर्यंत भरलं होतं, पण इनॅमलची ती चमक मी झोपेतही ओळखतो.

टॉवेल गुंडाळून बाहेर आलो अन दगड घेऊन अंगणात बसलो. लहान साळ्याला विचारलं, कुठून आणला रे हा? तो म्हणे, "वावराच्या खालतं, नदीच्या कडेले पडून होता भाऊजी, पूर गेल्यावर. आईले टाचा घासाले कामात आला." मी माझ्या एका मित्राला फोन लावला, तो आधी कोळसा खाणीत जिऑलॉजिस्टच्या हाताखाली होता. तो म्हणे खालचा तुटका भाग जिभेला लावून पाहा, चिकटला तर जुनं हाड नाहीतर मुळाचा भाग, बारीक छिद्रं असतात त्यात, साधा दगड चिकटत नाही. मी लावला. चिकटला! चांगलीच ओढली जीभ. अन तेवढ्यात मामीजी चहा घेऊन बाहेर.

"अवो जवाई! काय करून राह्यले तुमी हे? माया टाचा घासते मी त्यानं!"

ही गोष्ट घरातल्या प्रत्येक कार्यक्रमात आता सांगितली जाते, मला सवय झाली आहे.

एक गोष्ट मात्र खरी, टाचा घासायला त्याहून चांगला दगड नाही मिळणार. हत्तीची दाढ बनलीच आहे किसणीसारखी. इनॅमल सगळ्यात कडक, म्हणून ते हळू झिजतं अन उंच राहतं, डेंटीन अन सिमेंट भराभर झिजून खोल जातात, म्हणजे जितकं चावाल तितकी किसणीला आपोआप धार. गवत, झाडाची साल, सगळं दळून काढायला. मामीजींनी दोन वर्षं घासूनही इनॅमलला ओरखडा नव्हता, आपल्या लॅबची एखादी कॅप इतकी टिकली असती तर डॉक्टरांनी माझा सत्कार केला असता.

तर मग नदीवर गेलो. मी, साळा, अन मागून बायको मोबाईल घेऊन. पुरानं कड चांगली दोन-अडीच पुरुष उंच उभी कापली होती. वर काळी माती, आपली नेहमीची कापसाची, तिच्याखाली पिवळट गाळ, अन एकदम खाली पाण्याजवळ गोट्यांचा थर, गोटे एकमेकांना चुन्यासारख्या पांढऱ्या कंकरानं जखडलेले, सिमेंट काँक्रीटच म्हणा ना. साळ्यानं आधी एक जागा दाखवली, मग म्हणे नाही तिकडं, मग म्हणे ते बाभळीचं झाड होतं ना, ते पुरात गेलं, त्याच्याजवळ. म्हणजे तीन जागा. तेव्हा मला हसू आलं, पुढं याच गोष्टीनं आमचं किती नुकसान झालं ते मॅडमनी सांगितल्यावर हसू गेलं.

तिसऱ्या जागेपासून चारपाच पावलांवर, गोट्यांच्या थरात, एक हाड दिसलं. मनगटाएवढं जाड, बाहेर आलेलं, पांढुरकं. अन मग आम्ही जे केलं ते कोणी करू नका. साळ्यानं सब्बल आणली. मी नाही म्हटलं पाहिजे होतं, नाही म्हटलं नाही. दोन घाव घातले अन हाडाचा वीतभर तुकडा वेगळा, अन त्या तुकड्याचे खाली पडून आणखी चार. मग वरून मोटरीचं पाणी मारून धुतलं तर बाप्पा, पावडर व्हायला लागलं, बिस्किट चहात पडल्यासारखं. वरून दिसतं दगड, पण आत सगळं भेगाळलेलं असतं, ओलं झालं अन उन्हात वाळलं की सुटतं. घरी येऊन मी ते चार तुकडे फेविक्विकनं जोडले. अभिमानानं जोडले. बरोबर बसले पण नव्हते, अर्धा मिलिमीटर सरकलेच. कॅप अशी बसवली असती तर डॉक्टरनं तोंडावर फेकली असती.

एकच शहाणपणाचं काम झालं अन तेही बायकोनं केलं. सब्बल मारायच्या आधी तिनं फोटो काढला होता, हाड जागेवर असताना, शेजारी दहाचं नाणं ठेवून. का ठेवलं विचारलं तर म्हणे ऑनलाइन कानातले विकतात ना, ते ठेवतात नाणं बाजूला, साईज कळायला. त्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, हे मला नंतर कळलं, अन त्याच फोटोवरून पुढे हाड थरात किती वर होतं, कसं आडवं पडलं होतं ते मोजता आलं. फोटो नसता तर आमच्याकडे काहीच नव्हतं, फक्त साळ्याच्या तीन जागा.

दुपारी साळ्यानं फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. दोन तासांत नाव ठरलं, मॅमथ. कोणी ठरवलं माहीत नाही. संध्याकाळपर्यंत तो वीस फूट उंच झाला, रात्री त्याच्यासोबत केसाळ हत्तीचं बर्फातलं चित्र जोडून आलं. कन्हानच्या काठी बर्फ! जिथं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो अन कावळे चोच उघडी ठेवून बसतात तिथं. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढेला हळदकुंकू लागलेलं होतं, गावातल्या बाया येऊन गेल्या होत्या, गणपतीची दाढ म्हणून. एक जण म्हणे देऊळ बांधू. मामाजी, म्हणजे सासरे, एकदम कमी बोलणारे माणूस, ते फक्त एवढंच म्हणाले, "दोन वर्षं टाचा घासल्या तिनं गणपतीच्या दाढेवर, आता कोणाले सांगू नका."

(गणपतीचं अगदीच चुकीचं नव्हतं बरं का. शिवालिकच्या डोंगरातले जुने हत्ती ज्यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासले त्या फॉकनर अन कॉटली या दोघांनी एका हत्तीचं नावच स्टेगोडॉन गणेसा ठेवलं आहे, लांबलचक सुळेवाला. हे नंतर कळलं तेव्हा मी मामीजींना फोन करून सांगितलं, त्या म्हणाल्या पाहा, मी म्हटलंच होतं. त्या काहीच म्हटल्या नव्हत्या.)

नंतरचे दोन महिने नुसती फिराफिर. एका कार्यालयात गेलो तर हे आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या ठिकाणी अर्ज द्या, अर्जासोबत वस्तू जमा करा, अन पावती मिळणार नाही. तिसऱ्या ठिकाणी साहेब दौऱ्यावर. तेवढ्यात एकजण घरी येऊन गेला, पन्नास हजार देतो म्हणे, दुसरा आला तो म्हणे हस्तिदंत असेल तर सांगा, त्याला साळ्यानं हाकलून लावलं. दाढ तेव्हा माझ्याकडे लॅबमध्ये होती, डाय स्टोनच्या पोत्यामागे, जुन्या बेडशीटमध्ये गुंडाळून. शेवटी त्याच मित्रानं एका मॅडमची गाठ घालून दिली. जिऑलॉजी शिकवतात, पृष्ठवंशीय प्राण्यांचे जीवाश्म हा त्यांचा विषय, नाव नको म्हणाल्या म्हणून फक्त मॅडम.

मॅडमनी पहिले प्रश्न विचारले ते दाढ न पाहताच. कुठं सापडली? कोणत्या थरात? कोणी पाहिली जागेवर? मी साळ्याच्या तीन जागा सांगितल्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग दाढ पाहिली, हातात घेऊन फिरवली अन पहिलं वाक्य, "मॅमथ नाही." मी विचारलं मॅडम इतक्या लवकर? त्या म्हणाल्या, नाही म्हणायला लवकर येतं, हो म्हणायला वेळ लागतो.

मॅमथ नाही याची कारणं सोपी आहेत. मॅमथही मुळात आफ्रिकेतून निघालेलाच हत्तीचा गोत्री, पण तो गेला युरोपात, उत्तर आशियात, अमेरिकेत. केसाळ मॅमथ थंड गवताळ मैदानांचा, त्याचे शेवटचे कळप तर सायबेरियाच्या उत्तरेकडच्या रँगल बेटावर साधारण ४,००० वर्षांपूर्वीपर्यंत होते, म्हणजे इकडे हडप्पाची शहरं उतरणीला लागली होती तेव्हाही तिकडे मॅमथ चरत होते. पण आपल्या दख्खनच्या नदीखोऱ्यांत मॅमथ नाही सापडत, सापडतात ते दुसरे हत्ती. अन दुसरं कारण दाढेतच. हत्तीची दाढ म्हणजे पातळ पाट्या उभ्या ठेवून मधे सिमेंट भरून केलेली वीट. केसाळ मॅमथच्या शेवटच्या दाढेत अशा २४-२५ च्या आसपास पाट्या असतात, एकदम दाट, इनॅमल दीड-दोन मिलिमीटरच्या आतलं. आमच्या दाढेत पाट्या कमी, जाड, अंतरावर. मजा म्हणजे मॅमथ वेगळा प्राणी आहे हे पहिल्यांदा ठरलं तेही असंच, १७९६ मध्ये पॅरिसमध्ये कुव्हिए नावाच्या शास्त्रज्ञानं भारतीय हत्ती, आफ्रिकी हत्ती अन सायबेरियातल्या मॅमथचे जबडे अन दाढा शेजारी ठेवून दाखवलं होतं की हे तिघं वेगळे, अन त्यातला एक जगात उरलेला नाही. तोपर्यंत एखादा प्राणी पूर्ण नाहीसा होतो हेच बहुतेकांना पटत नव्हतं.

मग मॅडम म्हणाल्या, जागेवरचं बाकी हाड अजून आहे का? होतं. म्हणजे सब्बल लावून झाल्यावर आम्ही घाबरून वर ताडपत्री टाकून माती लोटली होती. जानेवारीत मॅडम दोन विद्यार्थ्यांना घेऊन आल्या. पंचनामा, मामाजींची लेखी संमती, सगळं केलं. अन इथं मला पहिल्यांदा वाटलं की आपण कामाचे आहोत. हाड उचलायचं कसं तर आधी ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉइड बी-७२ नावाचं राळेसारखं द्रावण थेंबथेंब सोडायचं, ते आत मुरतं अन भेगा धरून ठेवतं, अन नंतर पाहिजे तेव्हा ॲसिटोननं काढताही येतं. (माझं फेविक्विक काढायला त्यांच्या विद्यार्थिनीला तीन दिवस लागले. ती मला काही बोलली नाही पण मला पाहिलं की ॲसिटोनची बाटली उचलून ठेवायची.) ते वाळलं की ओला कागद चिकटवायचा, त्यावर गोणपाटाच्या पट्ट्या प्लास्टरमध्ये बुडवून गुंडाळायच्या, तुटलेल्या हाताला करतात तसं. विद्यार्थी पोरं प्लास्टर कालवत होती, आधी पावडर मग पाणी, गुठळ्या. मी म्हटलं सरका रे. आधी पाणी, मग त्यावर पावडर शिंपडत जायची, बुडेपर्यंत, मिनिटभर थांबायचं, मग हळू ढवळायचं, बुडबुडा येऊ द्यायचा नाही. वीस वर्षं हेच करून राहिलो ना मी. मॅडमनी पाहिलं अन म्हणाल्या आता सगळं प्लास्टर यांच्याकडे. तो दिवस मला अजून आठवतो, हातावर प्लास्टर वाळलेलं, मामीजींनी झुणका-भाकर अन ठेचा पाठवला होता, अन नदीकाठी बसून सगळे खात होतो.

प्लास्टरमधून निघाला तो खालच्या जबड्याचा तुकडा, उजव्या बाजूचा, दाढेची खोबण अर्धी शिल्लक. आमची दाढ त्या खोबणीत बसते का? मॅडमनी लगेच बसवून पाहू दिली नाही. आधी दोन्हींची मापं, मग फोटो, मग. बसली नाही. जवळपास बसली, पण नाही. मूळ तुटलेलं असल्यामुळे हो पण म्हणता येईना अन नाही पण. मी म्हटलं मॅडम रंग तर सारखाच आहे, त्या म्हणाल्या एकाच खतातले सगळे टमाटे सारखेच दिसतात, एकाच झाडाचे असतात का?

मोजमापाचं काम चार शनिवार चाललं, त्यांच्या लॅबमध्ये. माझा डिजिटल व्हर्नियर (जाडी-लांबी मोजायचं यंत्र) मी घेऊन गेलो, त्यांच्यापेक्षा माझा चांगला होता. लांबी २१४ मिलिमीटर, पुढचा भाग तुटका. रुंदी ७१. शिल्लक पाट्या ९. मग दहा सेंटिमीटरमध्ये किती पाट्या बसतात ते काढायचं, वरून वेगळं अन बुडाशी वेगळं, कारण पाट्या पंख्यासारख्या पसरलेल्या असतात, दोन्हींची सरासरी. आमची आली ४.७. मग इनॅमलची जाडी, दहा ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी तीनदा, मीही वाचायचं अन मॅडमनीही, एकमेकांचं न पाहता. सरासरी २.८ मिलिमीटर. कंटाळवाणं काम आहे पण मला आवडलं, माझं रोजचं कामच ते.

एक शनिवार मात्र लक्षात राहील. ही कितवी दाढ हे ठरवायचं होतं. हत्तीला आपल्यासारखे खालून वर नवे दात येत नाहीत, मागून पुढे सरकत येतात, रेल्वेच्या डब्यांसारखे. प्रत्येक बाजूला आयुष्यभरात सहा, पुढचा झिजून तुकडे होऊन पडतो अन मागचा त्याची जागा घेतो. सहावा झिजला की संपलं, मग चावता येत नाही, म्हातारा हत्ती उपाशी मरतो. तर ही पाचवी की सहावी? मॅडम आकारावरून विचार करत होत्या. मी दाढ हातात घेऊन सवयीनं मागची बाजू खिडकीकडे केली. आम्ही कॅप बनवताना शेजारच्या दाताला ती जिथं टेकते ती जागा सगळ्यात आधी पाहतो, तिथं घासून एक चपटा गुळगुळीत डाग पडतो, प्रत्येकाला पडतो. इथं नव्हता. मागं निमुळती होत गेलेली, गोल, अन डाग नाही. मी म्हटलं, "मॅडम, मागून कॉन्टॅक्ट नाहीये. हिच्या मागे कोणीच नव्हतं." त्यांनी भिंग घेतलं, बराच वेळ पाहिलं. मग वहीत लिहिलं, शेवटची दाढ. अन शेजारी माझं नाव लिहिलं, कंसात. वरचा भाग खोलगट झिजलेला म्हणून खालच्या जबड्याची. पुढच्या पाट्या झिजलेल्या अन मागच्या जेमतेम घासायला लागलेल्या, म्हणजे जनावर भर वयातलं, म्हातारं नव्हे.

आता राहिलं नाव. मॅडमनी कुठून तरी पाळीव हत्तीच्या दाढेचा कास्ट आणला होता (बुडबुडे होते त्यात, असो). आजच्या आपल्या हत्तीच्या शेवटच्या दाढेत वीसच्या वर पाट्या असतात, आमच्यात त्या मानानं विरळ, म्हणून तो गेला. स्टेगोडॉन? त्याच्या नावाचा अर्थच छपरासारखा दात, दाढ बुटकी अन कौलारू छपरं ओळीनं ठेवल्यासारखी, तेही नाही. उरले दोन. एक एलेफस हायसुड्रिकस, आपल्या हत्तीचा पूर्वज धरतात तो. अन दुसरा पॅलिओलॉक्सोडॉन नमाडिकस, नर्मदेच्या नावाचा, १८४० च्या दशकात फॉकनर-कॉटलींनी नाव दिलेला, आजच्या कुठल्याही हत्तीपेक्षा अवाढव्य. याच नर्मदेच्या काठी, हथनोऱ्याला, १९८२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अरुण सोनकियांना माणसाच्या पूर्वजाची कवटी सापडली, अन त्या खोऱ्यातल्या जुन्या गाळात याच हत्तीची हाडं निघतात. म्हणजे माणसानं पाहिलेला हत्ती आहे हा. युरोपातल्या त्याच्या भाऊबंदाचा डीएनए काढला तर नातं निघालं आफ्रिकेतल्या जंगली हत्तीशी. अन मॅमथचा सगळ्यात जवळचा जिवंत नातेवाईक कोण, तर आपला आशियाई हत्ती! म्हणजे गावातल्या देवळापुढून जाणारा हत्ती मॅमथच्या जवळचा अन आमच्या जमिनीतला लांबचा. हे मी साळ्याला समजावून सांगितलं, तो म्हणे भाऊजी तुमच्या घरची भाऊबंदकी बरी.

दाढेची उंची रुंदीच्या मानानं किती हे कळलं असतं तर निकाल लागला असता, नमाडिकसची दाढ अरुंद अन उंच असते. पण जी पाटी न झिजलेली पाहिजे, तीच वरून तुटलेली. इनॅमलच्या वेढ्यांना बारीक चुण्या अन मधोमध किंचित फुगवटा, ते नमाडिकसकडे झुकतं. पण झुकतं. कवटी असती तर प्रश्नच नव्हता, कपाळावरच्या कंगोऱ्यावरूनच कळतं. मी म्हटलं मग लिहून टाका ना नमाडिकस, ८० टक्के तर आहेच. तेव्हा मॅडमनी मला काश्मीरमधली गोष्ट सांगितली. पांपोरजवळ २००० साली एका हत्तीची अख्खी कवटी सापडली, सोबत दगडी हत्यारं. ती पॅलिओलॉक्सोडॉनची, त्यातही टर्कमेनिकस नावाच्या फार कमी माहीत असलेल्या जातीची, हे सविस्तर छापून आलं २०२४ मध्ये. "कवटी हातात असून चोवीस वर्षं," त्या म्हणाल्या, "तुमचे तर अकराच महिने झाले."

वयाचंही तसंच. रेडिओकार्बन, म्हणजे हाडातल्या कार्बनवरून वय काढायची पद्धत, साधारण ५०,००० वर्षांच्या मागे जात नाही अन आपल्या उन्हात हाडातलं कोलॅजन, म्हणजे ज्यावर ही मोजणी होते ते प्रथिनही टिकत नाही. थरातल्या रेतीवर शेवटचा उजेड कधी पडला ते मोजायची एक पद्धत आहे, पण ते जबड्याच्या तुकड्याला लागू, दाढेला नाही, कारण दाढ कुठून निघाली ते साळ्यालाच माहीत अन त्यालाही तीन प्रकारे माहीत.

तर शेवटी डब्यावर जे लेबल लागलं त्यावर असं आहे: सीएफ. पॅलिओलॉक्सोडॉन नमाडिकस, खालची उजवी शेवटची दाढ, जागेवरून सुटलेली. ते सीएफ. म्हणजे 'याच्याशी ताडून पाहा'. तोच आहे असं नाही, त्याच्यासारखा दिसतो, पुढं कोणाला जास्त काही सापडलं तर त्यानं ठरवावं. पहिल्या दिवशी मला ते दोन अक्षरांचं नाव म्हणजे पराभव वाटला, दोन तासांत ग्रुपनं मॅमथ केला होता अन आपण अकरा महिने घासून काय आणलं तर सीएफ. आता नाही वाटत. आता लॅबमध्ये नवीन पोरगा कॅप जरा हलते पण चालेल म्हणाला की मी त्याला म्हणतो सीएफ. लिही मग डब्यावर, डॉक्टरला कळू दे. त्याला काही समजत नाही.

हिस्लॉप कॉलेजसमोरून जाताना एक आठवतं, ज्या स्टीफन हिस्लॉपचं ते नाव तो मिशनरी नागपूरच्या टाकळीतल्या अन आसपासच्या खडकांतले जीवाश्म जमवायचा, अन १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची दगडी वर्तुळं पाहून येताना पुराच्या नाल्यात बुडून गेला. आमच्या साळ्याला मी पावसाळ्यात त्या कडेवर जाऊ नको म्हणून हेच सांगतो. तो जातोच.

एक राहिलं. दाढ दिली तेव्हा मामीजी काही बोलल्या नाहीत पण मोरीतला कोपरा रिकामा दिसत होता. मॅडमची परवानगी घेऊन, दाढेवर आधी पॅरालॉइड मुरवून, मी सिलिकॉनमध्ये तिचं माप घेतलं अन सगळ्यात कडक डाय स्टोनमध्ये ओतली. एक बुडबुडा नाही. प्रत्येक वेढा, प्रत्येक चुणी, मागची ती गोल बाजू सुद्धा. वरून तपकिरी रंग अन सीलर. वीस वर्षांतलं माझं सगळ्यात चांगलं काम असेल. पोळ्याला घेऊन गेलो, मोरीत नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मामीजी बाहेर आल्या, ओले पाय, हातात माझी दाढ.

"चांगली हाय जवाई," त्या म्हणाल्या, "पण हे घासत नाई. पहिलीचीच आणून द्या ना."